तीन गाड्यांची एक एमजीबी : धुळ्याच्या आप्पा मिस्तरींना सोबत नेल्याचा अनुभव

जळगावात माझं मॅचिंग सेंटर आहे. टू बाय टू रुबिया, अस्तर, फॉल, लेस. २६ वर्षं एकच काम: गिऱ्हाईक साडी पुढ्यात टाकतं, मी रंग डोळ्यांत धरते आणि मागच्या फळीवरून नेमका तोच तागा खाली ओढते. पारखी बाई मात्र तेवढ्यावर थांबत नाही. कापड घेऊन पायरी उतरते, उन्हात धरते आणि परत येऊन म्हणते, "ताई, ट्यूबखाली एकच दिसत होता, बाहेर वेगळा पडतोय." तिचं बरोबर असतं. जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघाल्यावर मला वाटलं होतं की ही नजर तर आपल्याकडे आहेच. पण पत्र्याची पारख वेगळी असते. ती असलेला माणूस मला धुळ्यात भेटला, त्याच्या कामाबद्दल हे लिहिते आहे.

आधी २०१४ सालची गोष्ट सांगते, म्हणजे पैसे देऊन मिस्तरी सोबत न्यायची वेळ का आली ते कळेल. तेव्हा मी एक प्रीमियर पद्मिनी घेतली होती. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. रंग चकचकीत, सीट नव्या, इंजिन एका चावीत सुरू. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या सीटखाली पाणी साचायला लागलं. मॅट उचलली तर तळाच्या पत्र्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा जोड. पुढचा अर्धा भाग एका गाडीचा, मागचा दुसरीचा, मधोमध कापून सांधलेला. त्या गाडीतून मी पाच महिने मुलांना शाळेत सोडत होते. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. गाडी भंगारात दिली, दुसऱ्या कुणाला विकायची माझी छाती झाली नाही.

आता स्पोर्ट्स कारचं. माझे मामा मुंबईत एका घरी ड्रायव्हर होते. १९७८ मध्ये, मी नऊ वर्षांची असताना, मालकांच्या परवानगीने त्यांनी मला त्या घरच्या एमजीबीत, म्हणजे एमजी या इंग्रजी कंपनीच्या दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये, बसवून मरीन ड्राइव्हवरून एक फेरी मारली. गाडी फिकट निळी होती. तशी गाडी घ्यायची हे तेव्हापासून मनात आहे. दोन्ही मुलं मार्गी लागली, दुकानाचं कर्ज फिटलं, म्हणून मागच्या दिवाळीपासून शोध सुरू केला. जानेवारीत कळलं की धुळ्याच्या पुढे, आग्रा हायवेवर, एका शेतातल्या शेडमध्ये १९६६ ची एमजीबी विकायला आहे. फोटोत लालभडक, तुकतुकीत. विकणाऱ्याचं म्हणणं: इंग्लंडहून परतलेल्या एका डॉक्टरांनी आणलेली, सगळे पार्ट मूळचे.

आप्पा मिस्तरींचं नाव मला एका टायरवाल्याने सांगितलं. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे. दुकानाला पाटी नाही, "जुन्या गाड्यांचे आप्पा" म्हटलं की कुणीही दाखवतं. वय सत्तरीच्या पुढे. ठोकाठोकीचं काम आता मुलं बघतात. आप्पा फक्त गाडी बघायला जातात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात: धुळे तालुक्यात १,५०० रुपये, बाहेर २,५००, शिवाय जाणं-येणं तुमचं. हातोडी धरायला ते सोनगीरला मामांकडे शिकले. सोनगीर म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. लहानपणी हंड्या-घागरींवर ठोके मारले, मग हायवेच्या ट्रकांच्या केबिनी सरळ केल्या. पत्र्यावर बोटाचं हाड वाजवून खाली काय आहे ते ते आवाजावरून सांगतात. हे मी ऐकलं होतं, तेव्हा विश्वास बसला नव्हता.

फोनवर त्यांनी पहिलं काय विचारलं तर गाडी कोणत्या सालची सांगतात आणि त्या सालच्या गाडीत काय काय असायला हवं, ते मला माहीत आहे का. एमजीबीवर त्यांनी कधी काम केलेलं नव्हतं आणि हे त्यांनी सरळ सांगितलं. "पत्रा मी दखसू, साल तुम्ही दखा," असं त्यांच्या अहिराणीत सांगून काम वाटून घेतलं. मला हे फार आवडलं. माहीत नसलेल्या गोष्टीवर मान डोलावणारे मिस्तरी मी पुष्कळ पाहिलेत.

मग मी आठ दिवस दुकान बंद झाल्यावर तेवढंच वाचत बसले. ज्यांना ही गाडी घ्यायची असेल त्यांच्यासाठी कामाचं तेवढं सांगते. एमजीबी १९६२ ते १९८० इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांच्या वर. अठरा वर्षं वरवर बघता गाडी तीच राहिली, आणि गोम तिथेच आहे. एका सालचं दार दुसऱ्या सालच्या गाडीला लागतं, बॉनेटही लागतं, पण बारीक गोष्टी बदलत गेल्या. सुरुवातीच्या गाड्यांना दाराची मूठ ओढायची होती, १९६५ मध्ये बटण दाबायची आली. बॉनेट आधी ॲल्युमिनियमचं होतं, १९७० च्या सुमारास लोखंडी पत्र्याचं झालं. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, १९७४ च्या अखेरीस रबरी बंपर आले तेव्हा त्यांच्या जागी बारा व्होल्टची एक आली. रबरी बंपरवाली गाडी जमिनीपासून उंचही केलेली होती. चासी नंबरच्या सुरुवातीची अक्षरंही साल सांगतात: दोन सीटच्या उघड्या गाडीचं जीएचएन३ असेल तर १९६७ पर्यंतची, जीएचएन४ त्यानंतरची, जीएचएन५ सत्तरच्या दशकातली. हे सगळं मी दुकानाच्या पावती पुस्तकाच्या मागे लिहून नेलं.

आप्पांची अट होती की गाडी उघड्यावर, सकाळच्या कोवळ्या उन्हात बघायची. दुपारी नाही, शेडमधल्या ट्यूबखाली तर नाहीच. ही अट ऐकली आणि मला आमच्या दुकानाची पायरी आठवली. मी जळगावहून साडेचारला निघाले, एरंडोल-पारोळा करत धुळ्यात आप्पांना घेतलं आणि सातच्या आत शेतावर पोचलो. थंडी चांगलीच होती. विकणारा म्हणाला, आधी चहा घ्या. आप्पा म्हणाले, आधी गाडी बाहेर काढा.

बाहेर काढलेली गाडी पाहून माझं मन एकदम गेलं, हे कबूल करते. आप्पा तिच्याजवळ गेलेच नाहीत. वीसेक पावलं लांब उभे राहिले, मग उकिडवे बसून दिव्याच्या उंचीवरून, एक डोळा मिटून, गाडीच्या कडेने नजर सोडली. पुढच्या मडगार्डपासून डिक्कीपर्यंत अंगावरची रेघ सलग गेली पाहिजे. डाव्या बाजूला ती दाराशी अर्ध्या बोटाने खाली उतरत होती. "रंग नंतर दखू ताई. पहिले फटी दखा," म्हणाले आणि खिशातून पोस्टकार्ड काढलं. घडी घालून ते दाराच्या फटीत सरकवत नेलं. उजव्या दाराला वरपासून खालपर्यंत सारख्या ताणाने गेलं. डाव्या दाराला वर अडकलं आणि खाली ढिलं पडलं.

त्याच दाराची मूठ मी धरली आणि हात थांबला. उजव्या दाराला बटण होतं. डाव्याची मूठ ओढायची होती. माझ्या पावतीमागे लिहिल्याप्रमाणे हे दार १९६५ च्या आधीच्या गाडीचं, आणि गाडी सांगतात १९६६ ची. मी काही न बोलता आप्पांना दोन्ही मुठी दाखवल्या. त्यांनी दार उघडून कडेचं रबरी बीडिंग नखाने उचललं. विकणारा जरा पुढे सरकला, पण काही बोलला नाही. बीडिंगखाली लाल रंगाचा थर जिथे संपत होता तिथे खाली पांढरा निघाला. मग दाराच्या चौकटीचं, म्हणजे मूळ बॉडीचं, बीडिंग उचललं. तिथे फिकट निळा.

निळा पाहून मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

पुढे बॉनेट. मी घरून फ्रिजवरचं पातळ रबरी चुंबक आणलं होतं, रंगाला ओरखडा नको म्हणून अस्तराच्या चिंधीत गुंडाळून. मुद्दाम अशक्त चुंबक घ्यायचं असतं. ताकदवान चुंबक खड्डे बुजवायला भरलेल्या पुट्टीच्या थरातूनही पत्र्याला धरतं आणि आपल्याला फसवतं. साधारण गाडीत नियम असा की जिथे चुंबक चिकटत नाही तिथे खाली पुट्टी. एमजीबीच्या बॉनेटला हा नियम उलटा लागतो: १९६६ च्या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं, तिथे चुंबक चिकटायलाच नको. मी चुंबक ठेवलं आणि ते टपकन बसलं. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते एकदम खूश झाले. बॉनेट उघडून त्यांनी आतून बिजागरीजवळ रंग खरवडला. गडद हिरवा निघाला.

"ताई, हाई एक गाडी नही," ते हळूच म्हणाले. "तीन गाड्या शेतस."

निळी बॉडी, पांढरं दार, हिरवं बॉनेट, आणि वरून सगळ्यांना एकच लाल रंग. साडीवर ब्लाऊज जमत नाही म्हणून दोन्ही रंगवून आणल्यासारखं.

उजव्या पुढच्या मडगार्डवर आप्पांचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मीही तिथे सगळ्यात जास्त शिकले. एमजीबीची पुढची मडगार्ड बोल्टने बसवलेली असतात, मागची वेल्ड केलेली. म्हणजे पुढचं मडगार्ड बदलणं सोपं. आप्पांनी बोटाच्या हाडाने वरपासून खाली टकटक करत नेलं. दिव्याच्या वर आवाज कणखर, चाकाच्या मागे खाली आला तसा बद्द, ओल्या मातीच्या मडक्यावर वाजवावं तसा. मग मला म्हणाले, डोळे मिटा आणि हात फिरवा. बोटांनी नाही, तळहाताने, पातळ कापड मध्ये धरून. कापडामुळे हात घसरतो आणि चढउतार जास्त कळतो. सुताचा पोत बघायला मी आयुष्यभर बोटं चालवली, तळहात कधी वापरला नव्हता. चाकाच्या मागे विताएवढ्या जागेत पत्रा हलका फुगलेला लागला. डोळे उघडून पाहिलं तर काहीच दिसेना. मग त्यांनी तांब्याभर पाणी वरून सोडलं. ओल्या पत्र्यात मागच्या निंबाच्या फांद्यांचं प्रतिबिंब पडलं. मडगार्डच्या वरच्या भागात फांदी सरळ होती, त्या विताएवढ्या जागेत ती वाकडी होऊन पुन्हा सरळ झाली. पाणी ओघळून गेलं आणि फांदीही गेली.

बोल्टचं तर मला सुचलंच नसतं. जुन्या इंग्रजी गाडीचे बोल्ट इंची मापाचे. मडगार्डच्या बारीक बोल्टाचं डोकं ७/१६ इंच, म्हणजे ११ मिलिमीटरहून केसभर मोठं. आप्पांनी १० चा पाना लावला. डाव्या मडगार्डच्या एकाही बोल्टात तो शिरला नाही. उजव्याच्या चार बोल्टांवर अगदी घट्ट बसला. म्हणजे ते चार बोल्ट आपल्या बाजारातले, मिलिमीटरचे. मडगार्ड कधीतरी इथेच उतरवून पुन्हा चढवलेलं. बोल्टांच्या कोपऱ्यांवर रंगही फुटलेला होता, तोही त्यांनी दाखवला.

जोडांबद्दल एक आणखी. कारखान्यात पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडतात, त्याच्या बारीक गोल खळ्या सारख्या अंतरावर एका ओळीत येतात. मशीनच्या टिपेसारख्या. डिक्कीच्या पन्हळीत अशी ओळ छान दिसत होती, मग डाव्या कोपऱ्यात ती एकदम तुटून वीतभर सलग गॅस वेल्डिंगचा वळ आला आणि पुढे पुन्हा खळ्या. उसवलेली शिवण हाताने धावदोरा घालून बसवली की अशीच दिसते. म्हणजे मागून कधीतरी ठोकर बसलेली. आप्पांच्या मते हे काम बरं केलेलं होतं, त्याची काळजी नको.

काळजीची गोष्ट शेवटी निघाली. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे, आणि वर छप्पर नसल्यामुळे दारांखालच्या दोन्ही लांब पेट्यांवर, म्हणजे सिलवर, सगळा भार येतो. त्या कुजल्या असतील तर बाकी कितीही चांगलं असून उपयोग नाही. मी वाचलं होतं की दार उघडं ठेवून बाजूच्या जॅकच्या जागी गाडी उचलायची आणि फट बघायची. आप्पांनी तसं केलं. चाक जमिनीवरून जेमतेम सुटलं आणि दार लावायला गेलो तर कडी खाचेत बसेना. मघाशी ज्या फटीत पोस्टकार्ड सुरळीत गेलं होतं तिथे आता ते वर शिरतही नव्हतं. गाडी मधोमध वाकत होती. हे उजवं, सगळ्यात सरळ दिसणारं दार होतं. आप्पांनी गाडी हळूच खाली टेकवली आणि हात पुसले.

विकणाऱ्याशी त्यांनी वाद घातला नाही, किंमत पाडायचाही प्रयत्न केला नाही. ते काम ते करतच नाहीत, त्यांनी मला आधी बजावलं होतं. "पैसा तुम्हना शे," एवढंच म्हणाले.

आता त्यांच्या कामातल्या उणिवा, कारण पैसे देऊन घेतलेली सेवा आहे. लेखी काहीच देत नाहीत. मी सगळे फोटो काढले आणि घरी येऊन टिपण केलं, तसं तुम्हालाही करावं लागेल. इंजिन, गिअर, वायरिंग बघत नाहीत, त्यासाठी वेगळा माणूस न्यावा लागतो. सोमवार-मंगळवार मिळत नाहीत. आणि गाडीची माहिती आपणच काढून न्यावी लागते. मुठीचा आणि बॉनेटचा फरक मी वाचला नसता तर ती दोन कोडी सुटली नसती. पद्मिनी, अँबेसेडर, जीप या गाड्या मात्र त्यांना तोंडपाठ आहेत, त्यात आपल्याला काही न्यायची गरज नाही. २,५०० रुपये आणि सोनगीरच्या ढाब्यावर शेवभाजी, एवढ्यात माझे काही लाख वाचले. दुसऱ्यांदाही त्यांनाच नेईन.

बदललेल्या पार्टांविषयी माझं मत स्पष्ट आहे. साठ वर्षांच्या गाडीचं दार बदललेलं असू शकतं, त्यात गैर काही नाही. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून एमजीबीची अख्खी बॉडी मूळच्या साच्यांवर नव्याने काढते आहे, ती वापरून उभ्या केलेल्या गाड्या लोक अभिमानाने चालवतात. पण तसं सांगून विकावं. तीन गाड्यांना एक रंग मारून "सगळं मूळचं" म्हणायचं आणि मूळच्या गाडीची किंमत मागायची, याला फसवणूकच म्हणतात.

कागदाचाही प्रश्न आहे, तो घेणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी त्यात बसते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. पण गाडी मूळ रूपात राखलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. सिल कापून नवे घातलेली, दार आणि बॉनेट दोन वेगवेगळ्या सालांचं असलेली गाडी घेऊन आरटीओत उभं राहायचं आणि मूळ रूपातली म्हणून सही करायची, हे मला जमलं नसतं.

मी विकणाऱ्याला सगळं तोंडावर सांगितलं आणि सिलचा खर्च वजा करून माझी किंमत सांगितली. त्याने चार लाख कमी केले, माझ्या आकड्यापर्यंत आला नाही. आम्ही नमस्कार करून निघालो.

निघताना मी एक गोष्ट मागितली. दाराच्या चौकटीचं बीडिंग पुन्हा एकदा उचलू द्या म्हटलं. पर्समध्ये निळ्या रुबियाचे सात-आठ तुकडे होते, मामांच्या मालकांच्या गाडीची आठवण काढून आदल्या रात्री कापून नेलेले. एक-एक त्या निळ्या रेघेला लावून पाहिला. तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. पाचवा तुकडा जुळला. एमजीबीला त्या वर्षांत आयरिस ब्लू नावाचा फिकट निळा रंग मिळायचा, तोच असणार. आप्पांना दाखवला, त्यांनी तुकडा हातात घेतला, पत्र्याला लावला, सावलीत नेला, पुन्हा उन्हात आणला आणि मान हलवली. तो तुकडा आता काउंटरच्या खणात आहे, त्यावर तागा नंबर लिहून ठेवलाय. फेब्रुवारीत इंदूरची एक गाडी ऐकली आहे. आप्पांना फोन केला तर म्हणाले, बॉनेट कोणतं शे ते आधी विचारा.